कोणाचा हात रिकामा राह्यला?

शहजादी गावात शिरली की आधी कुत्री भुंकायची, मग तिचा भरड आवाज यायचा, आणि मग कोपऱ्यावर टोपली दिसायची. ती स्वतः सगळ्यात शेवटी. अंगाने एवढीशी बुटकी बाई, डोक्यावरच्या टोपलीमुळे उंच वाटायची. गडचांदूरहून सकाळच्या बसने निघायची आणि गावोगाव पायी फिरायची. तिकडच्या सिमेंटच्या धुळीने टोपलीवरचं फडकं कायम राखाडी. ते सोडलं की खालून हिरव्या, लाल, मोतिया, अंगुरी बांगड्या अशा काही निघायच्या की स्वयंपाक चुलीवर ठेवून बाया बाहेर यायच्या. मीसुद्धा. माझी भाजी किती वेळा करपली ते माझ्या घरच्यांना विचारा.

ती जातीची मन्यारीण. नवरा मुजफ्फर बाजारात बांगड्यांचं दुकान मांडायचा आणि ही घर सांभाळायची. तो तापाने गेला. लोकांना वाटलं, आता ही दुकानात बसेल. हिने दुकान दिराच्या हवाली केलं आणि टोपली उचलली. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "दुकानात बसलं का डोक्यात विचार येते, बाई. चालून राह्यलं का नाई येत."

तेव्हापासून तिचे स्वतःचे हात कोरडे होते. साऱ्या तालुक्याचे हात भरणारी बाई, आणि तिच्या मनगटावर काच नाही. आमच्यात जशी रीत तशीच तिच्यातही. कोणी त्याबद्दल बोलायचं नाही.

आपल्या कामाचा मात्र तिला भारी ताठा. बांगडी कशी बसली पाहिजे, तर हाताबरोबर हलली पाहिजे, हाताआधी नाही. ती समोरच्या बाईचा हात हातात घ्यायची, बोटं एकत्र जुळवायची, अंगठा तळव्यात दुमडायची आणि अंगठ्याच्या बुडाचं हाड असं दाबायची की हात लोण्यासारखा मऊ पडायचा. दुखतंय म्हणेपर्यंत बांगडी मनगटावर. "सैल बांगड्या भरनारीनं भाजी विकाव," असं ती दुसऱ्या बांगडीवालीबद्दल तोंडावर बोलायची.

आणि तिचा एक कायदा होता. लग्नघरी चुडा भरायला आली की नवरीचा हात भरायची, पण शेवटची एक बांगडी राखून ठेवायची आणि पदराच्या टोकात बांधायची. मग घरातल्या बाया, पोरी, म्हाताऱ्या, कडेवरची लेकरं, सगळ्यांचे हात भरायचे. मग गळा काढून विचारायचं, "कोणाचा हात रिकामा राह्यला का वो?" सगळ्यांनी नाही म्हटलं की पदर सोडून ती शेवटची बांगडी नवरीच्या हातात. तोपर्यंत चुडा अर्धा. हा कायदा तिच्या सासूचा की तिने स्वतः काढलेला, कोणास ठाऊक. पण आमच्याकडच्या बाया तो इतका मानायच्या की सासरी गेलेल्या लेकीलाही चुड्यासाठी बोलावून घ्यायच्या.

आता दिव्यानीचं सांगते.

दिव्यानी माझ्या जावेची, इंदुताईची लेक. दिसायला इतकी देखणी की नजर लागावी. पण तीन वर्षांची झाली तरी हाकेला वळून पाहीना, आणि कोणी हात लावला की अंगावर निखारा पडल्यासारखी किंचाळायची. आईने उचललं तरीही. वाटी जागेवरून हलली तर जेवायची नाही. आता अशा लेकरांसाठी डॉक्टर काही नाव सांगतात म्हणे. तेव्हा आमच्याकडे एकच नाव होतं, आणि ते मी इथे लिहिणार नाही. देवऋषी झाले, अंगारे झाले, चंद्रपूरच्या दवाखान्यात नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, मोठी झाली की होईल बरी. माझा दीर खाणीवर कामाला, आधीच तोंडाने मुका, तो आणखीच मुका झाला. इंदुताई मात्र त्या पोरीला जिवापाड जपायची.

शहजादी पहिल्यांदा तिला भेटली ती आमच्या दारातल्या कडुलिंबाखाली. आम्ही बाया टोपलीभोवती बसलो होतो. काचेची किणकिण ऐकून दिव्यानी आतून आली आणि सरळ टोपलीत हात घालून तिने बांगड्यांचा घोस उचलला. एवढ्या बायांमधून, कोणाकडे न बघता. इंदुताई घाबरून धावली.

"राहू द्या वो बाई," शहजादी म्हणाली. "फुटल्या त फुटल्या. काच हाय, फुटनारच."

एकही फुटली नाही. दिव्यानीने मातीत बसून बांगड्या रंगाप्रमाणे लावल्या. मग एका रंगातल्या लहान-मोठ्या वेगळ्या केल्या. आमच्या गप्पा संपेपर्यंत तिची रांग पायरीपर्यंत गेली होती. शहजादीने कौतुकाने तिच्या पाठीवर हात ठेवला मात्र, पोरीने असा काही टाहो फोडला की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. इंदुताई शरमेने रडायला लागली. शहजादीने आपला हात मागे घेतला, स्वतःच्याच मांडीवर एक चापट मारली आणि म्हणाली, "चूक झाली माही. इचारलंच नाई मी तिले."

एवढंच. ना कीव, ना कुठल्या दर्ग्याचा सल्ला. पुढच्या खेपेपासून टोपली उतरवली की आधी एक वेगळं फडकं अंथरायची आणि त्यावर जोडी तुटलेल्या बांगड्या ओतून ठेवायची. ते दिव्यानीचं दुकान. गावातल्या आमच्याच माणसांना जे सुचलं नाही ते या परक्या बाईला सुचलं, याचा मला राग यायचा. तिचा नव्हे, आमचा.

हात कसा भरला तेही सांगते. शहजादी तिच्यासमोर बसायची आणि एक मोठी बांगडी दोन बोटांत उभी धरून ठेवायची. बस. बोलायची नाही, पुढे सरकायची नाही. हाताला कळ लागली तर कोपर गुडघ्यावर टेकवायची. आणि त्या पोरीच्या मनात आलं की ती आपला हात त्या गोलातून आत घालायची. कधी लगेच, कधी घटकाभराने, कधी नाहीच. नाही घातला तर शहजादी म्हणायची, "आज मन नाई तिचं," आणि टोपली उचलायची.

आता न दाबता हात आत जायचा तर बांगडी सैलच पाहिजे. दिव्यानीच्या हातात अडीचच्या मापाच्या बांगड्या लोंबायच्या. गावातल्या बाया हसायच्या, शहजादीची नजर गेली म्हणायच्या. मीच एकदा चिडवलं, "काय वो शहजादी, भाजी कधीपासून विकतेस?" ती खो खो हसली. "पुढच्या हप्त्यापासून. तुमाले वांगे काय भाव देऊ?" पण बांगडी छोटी केली नाही.

दिव्यानी कोणाच्या तोंडाकडे कधी बघायची नाही, हाताकडे बघायची. शहजादी आमचे हात भरत असायची तेव्हा ही आपली बांगड्यांची रांग सोडून तिच्या बोटांकडे टक लावून बसायची.

नव्याण्णव साली माझ्या चंदाचं लग्न ठरलं. राजुऱ्याचं घर, मुलगा मास्तर. आणि इथून आमच्या घरात भांडण सुरू झालं.

माझे यजमान भैयाजी म्हणजे घरातले वडीलधारे. मनाने वाईट नाहीत, पण लोक काय म्हणतील या एका गोष्टीला वाघापेक्षा जास्त भिणारे. वाघ निदान रोज येत नाही. त्यांनी ठरवलं की लग्न आटपेपर्यंत दिव्यानीला सिरोंच्याला तिच्या मामाकडे ठेवायचं. वरपक्षाने पोरगी पाहिली, घराण्यात असं असतं म्हणाले आणि लग्न मोडलं तर?

इंदुताई भैयाजींसमोर कधी बोलायची नाही, पण तिला कशाची भीती होती ते मला माहीत होतं. आधी एकदा, सासऱ्यांच्या दिवसांत, पोरीला असंच मामाकडे ठेवलं होतं. तेव्हा तिला दोन शब्द यायला लागले होते, "आई" आणि "पानी". अनोळखी घर, आजूबाजूला सगळी तेलुगू बोलणारी माणसं, वाटीची जागा वेगळी. परत आली तेव्हा अंगाची काडी झाली होती आणि ते दोन शब्द गेले होते. "आई" पुन्हा म्हणायला तिला दोन वर्षं लागली. आता ती दहाची होती, तिला मोजून पाच-सहा शब्द येत होते. ते पुन्हा गेले तर ते परत येतील याची खात्री कोण देणार होतं?

मी भैयाजींशी भांडले. स्वयंपाक बंद केला. ते शेजारी जेवून आले. माझ्याच लेकीचं लग्न, म्हणून लोक म्हणायचे, बाई, तू तरी समजून घे. समजून काय घ्यायचं?

चुड्याच्या दिवशी शहजादी पहिल्याच बसने आली. वरमाय अंजनाबाई दुपारी येणार होत्या. त्यांच्या घरची रीत अशी की नवरीची पहिली बांगडी त्यांच्या डोळ्यांसमोर चढली पाहिजे. म्हणून त्याआधी दिव्यानीला काढायचं होतं. जीप दारात येऊन उभी राहिली. इंदुताईने पिशवीत पोरीची वाटी ठेवली.

शहजादीने ते पाहिलं. "कुठी नेऊन राह्यले तिले?"

मी सगळं सांगितलं, भैयाजींच्या समोरच, मुद्दाम मोठ्याने.

तिने ऐकून घेतलं. फडकं झटकलं, अंथरलं, त्यावर दिव्यानीसाठी बांगड्या ओतल्या. मग भैयाजींना म्हणाली, "भाऊ, तुमचं घर हाय, मी बोलनारी कोन? पन घरातल्या पोरीचा हात रिकामा ठिवून मी नवरीची शेवटची बांगडी नाई भरत. चुडा अर्धा राहीन. मंग मले बोल नोका लावू."

अर्धा चुडा! भैयाजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एकीकडे वरपक्ष, दुसरीकडे अपशकुन. "मंग भर ना आत्ता तिचा हात आन मोकळी हो!" ते ओरडले.

"भरतो ना. पन ते तिच्या मनावर हाय."

आणि बांगडी दोन बोटांत उभी धरून ती बसली.

दिव्यानी आपली रांग लावत होती. जीपवाल्याने हॉर्न वाजवला. पोरीने कान झाकले आणि डोकं गुडघ्यात घातलं. झालं, आता पुन्हा पहिल्यापासून. ती सावरून हात पुढे करणार तोच त्या शहाण्याने परत हॉर्न दिला. भैयाजी बाहेर जाऊन त्याच्यावर ओरडले, आत येऊन आमच्यावर. शहजादी कोपर गुडघ्यावर टेकवून बसलेली, जणू तिला दुसरं काही कामच नाही. मला आजही वाटतं, पोरीने हात पुढे केला की ती लबाड बाई बांगडी जराशी मागे घेत होती. मी विचारलं तेव्हा तिने अल्लाची शपथ घेतली नाही, एवढंच सांगते.

एवढ्यात दारात बैलगाडी थांबली. अंजनाबाई दुपारच्या ऐवजी सकाळीच आल्या होत्या.

दणकट बाई. आवाज असा की विहिरीत बोलल्या तर शिवारात ऐकू जावा. पाय धुऊन त्या ओसरीवर बसल्या. चंदाची पहिली बांगडी त्यांच्यासमोर चढली, मग दोन्ही हात भरले, शेवटची बांगडी पदरात गेली. घरातल्या बायांचे हात भरून झाले. मग शहजादी पुन्हा दिव्यानीसमोर येऊन बसली. या वेळी हॉर्न नव्हता. पोरीने हात घातला. एक, मग दुसरा.

"हे कोन पोरगी?" अंजनाबाईंनी विचारलं.

भैयाजी छपराकडे बघायला लागले. बोलली ती इंदुताई. "माही हाय. दिव्यानी. तिले कोनी हात लावलेला चालत नाई आन ती बोलत नाई जास्त." इतकी वाक्यं तिने भैयाजींसमोर पंधरा वर्षांत बोललेली नव्हती.

अंजनाबाईंनी पोरीकडे नाही, तिच्या हाताकडे पाहिलं आणि शहजादीवर कडाडल्या, "असा चुडा भरते का कोनी? कोपरापोतर चालली बांगडी! कोनाच्या हातातली उतरवून घातली का? लग्नघर हाय का काय हाय?" आणि त्या बांगडी काढायला उठल्या.

त्यांनी हात लावला असता तर संपलंच होतं.

शहजादी मध्ये आली. हात जोडून म्हणाली, "माही चूक, बाई. नजर गेली माही. माप चुकलं." सैल बांगडीवरून जन्मभर दुसऱ्यांना भाजी विकायला लावणारी ती, सगळ्या बायांसमोर मान खाली घालून उभी राहिली. खरं कारण सांगितलं नाही, पोरीकडे बोट दाखवलं नाही. मला तेव्हा रडू आलं आणि आता लिहितानाही येतंय.

अंजनाबाई खाली बसल्या. त्या काय समजल्या, काय नाही, कळेना.

शहजादीने पदराची गाठ सोडली, शेवटची हिरवी बांगडी फडक्यावर ठेवली आणि नेहमीसारखा गळा काढला, "कोणाचा हात रिकामा राह्यला का वो?"

आम्ही नाही म्हणणार, तेवढ्यात दिव्यानीने ती बांगडी उचलली. बसल्या जागेवरून तिने आमच्या सगळ्यांच्या मनगटांवरून नजर फिरवली. चंदाच्या, माझ्या, इंदुताईच्या, अंजनाबाईंच्या. मग ती शहजादीसमोर येऊन बसली, आणि बांगडी दोन बोटांत उभी धरली.

विधवेच्या हातात बांगडी, आणि तीही नवरीची शेवटची.

"नाई बेटा," शहजादी हळूच म्हणाली. "हे चंदाताईची हाय. मले नाई चालत."

दिव्यानीने बांगडी खाली केली नाही. कोपर तेवढं गुडघ्यावर टेकवलं. पण तिचे ओठ थरथरायला लागले होते, आणि त्यानंतर काय होतं ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मी भैयाजींकडे पाहिलं. ते अंजनाबाईंकडे बघत होते. चंदाचं लग्न, दिव्यानीचं घर, सगळं त्या बाईच्या तोंडावर येऊन थांबलं होतं.

अंजनाबाई बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज त्यांचा वाटला नाही.

"तुहाच कायदा ना वो? घरातला एकबी हात रिकामा ठिवायचा नाई म्हनते. मंग घाल हात. पोट्टी केव्हाची धरून राह्यली."

शहजादीने हात पुढे केला. पण बांगडी चंदाच्या मापाची, सव्वादोनची, आणि हिचा हात टोपल्या उचलून उचलून रुंद झालेला. बोटांच्या बुडाशी येऊन ती अडकली. शहजादी हसायला गेली, म्हणाली, "जात नाई बेटा, राहू दे आता."

दिव्यानीने बांगडीकडे पाहिलं. मग जिने आजपर्यंत आपण होऊन कोणालाही, आईलासुद्धा, हात लावला नव्हता, त्या पोरीने शहजादीचा हात आपल्या हातात घेतला. बोटं एकत्र जुळवली. अंगठा तळव्यात दुमडला. अंगठ्याच्या बुडाचं हाड आपल्या इवल्या बोटांनी दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं, अगदी शहजादी दाबायची तसं. आणि बांगडी सरकवली.

गेली. घट्ट बसली. हाताबरोबर हलणारी.

शहजादी तोंडाला पदर लावून रडत होती, पण तो हात तिने जागचा हलवला नाही, कारण दिव्यानीने तो अजून सोडला नव्हता. इंदुताई भिंतीला टेकून बसली. भैयाजी बाहेर गेले. जीपवाल्याशी काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण जीप रिकामीच गेली. पिशवीतली वाटी मी काढून तिच्या जागेवर नेऊन ठेवली.

थोड्या वेळाने शहजादीने नाक पुसलं, टोपलीतून तशीच दुसरी हिरवी बांगडी शोधली आणि चंदाचा हात हातात घेतला. मग तिला आठवण झाली. कायदा तो कायदा. तिने पुन्हा विचारलं, घसा बसलेला होता तरी विचारलं, "कोणाचा हात रिकामा राह्यला का वो?"

बांगड्यांच्या कामात एरवी तोंड न घालणारे भैयाजी दारातून म्हणाले, "नाई बाई. आता कोनाचाच नाई."